सागाच्या मुलखात कडुलिंबाचा दरवाजा

आमच्या घराचा पुढचा दरवाजा कडुलिंबाचा होता. बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण माझे वडील वाढई, म्हणजे सुतार. आजोबाही वाढईच. गाव मूल तालुक्यातलं, उमा नदीपासून कोसभर. परसात उभं राहिलं की जंगल दिसायचं, आणि त्या जंगलात साग होता. बाबांनी जन्मभरात सागाचे कितीतरी दरवाजे केले. मालगुजाराच्या वाड्याचे केले, शाळेचे केले, सोयऱ्याधायऱ्यांच्या घराचे केले. स्वतःच्या घराला मात्र बांधावरचा कडुलिंब. पाहुणा विचारायचा, "का गा वाढईबुवा, तुह्याच घराले साग नाई?" बाबा वाकसाला धार लावता लावता म्हणायचे, "साग पासावर येते. मले पास कोन देईल?"

बाबांची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिली नोंद 1948 ची. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर, काना-मात्रा मनाला येईल तशा. पण हिशेब चोख. घर बांधायला घेतलं की ते पानावर चार रकाने आखायचे: लाकूड, लोखंड, धान आणि चकरा. धान म्हणजे मजुरी, कारण तेव्हा मजुरी धानातच मिळायची. चकरा म्हणजे त्या घरासाठी घरधन्याला आणि वाढयाला पासासाठी, शिक्क्यासाठी, सहीसाठी किती वेळा जावं लागलं त्या फेऱ्या. त्या रकान्यात आकडा नाही, नुसत्या उभ्या रेघा आहेत. पाचवी रेघ आडवी. चंद्रपूर-गडचिरोलीत घर बांधण्याचा इतिहास लिहायचा तर मी त्या चौथ्या रकान्यातूनच लिहीन. लाकूड इथं नेहमीच होतं. महाग होती ती परवानगी.

आजोबांचं घर कुडाचं. आता ते कुठं दिसत नाही म्हणून थोडं सांगतो. आधी खांब. ते ऐनाचे किंवा धावड्याचे, आमच्याकडच्या भाषेत आडजात लाकडाचे. जमिनीत जाणारं टोक विस्तवावर धरून काळं करायचं, म्हणजे वाळवी दूर राहते. वरच्या बेचक्यात मयाल, मयालीवर फाटे, फाट्यांवर बांबूच्या कामट्या. भिंतीला बांबू चिरून विणलेला ताटवा. त्यावर तणस आणि शेण घालून चार दिवस तुडवलेली माती. आत-बाहेर दोन हात, मग पांढऱ्या मातीचा पोतेरा. वर गवत, ऐपत असेल तर कवेलू. खिळा जवळजवळ लागायचाच नाही, बांधायला वेली आणि वाख. म्हणून सुरुवातीच्या पानांवर 'लोखंड' हा रकाना कोराच आहे.

या कामाला पंचांग होतं. बांबू दिवाळीनंतर तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो अशी समजूत. खरीखोटी देव जाणे, पण बाबांनी ती कधी मोडली नाही. गवत मार्गशीर्षात कापून ठेवायचं. भिंती फाल्गुनात, कारण त्या सावकाश वाळल्या तर फुटत नाहीत. छप्पर अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे. मिरगाच्या आत माणसं आत गेली पाहिजेत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी हा नाटकांचाही हंगाम. नाटक असलेल्या गावात घरोघरी पाहुणे उतरतात, त्यामुळे अर्धी कामं नाटकाच्या तारखेला घाबरून उरकली जात. एका घरधन्यानं बाबांना सांगितलं होतं, ओसरी नाटकाच्या आत झाली नाही तर मजुरी अर्धी. ओसरी झाली. पाहुणे त्याच ओसरीवर झोपले आणि ओल्या मातीनं सगळ्यांचे सदरे भरले.

असं घर एकदा बांधलं की झालं, असं नव्हतं. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, दर सणाला सारवायचं, तीन-चार वर्षांनी एखादा खांब बदलायचा. खर्च थोडा, पण दरसालचा. आणि तो पैशाचा कमी, अंगमेहनतीचा जास्त.

आता हे लाकूड द्यायचं कोणी? गोंड राजांच्या काळाविषयी आमच्याकडे एक कथा सांगतात, हीरशाह राजाची. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 1869 साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल लिहिला. गोंडकाळाविषयी आज जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बरंचसं त्या अहवालाकडे जातं. गंमत अशी की तोवर दिवस उलटे फिरले होते. जंगल तोडून वसणं हा आता गुन्हा होऊ लागला होता. नागपूरचं राज्य 1850 च्या दशकात खालसा झालं, 1861 साली मध्य प्रांत झाला, आणि सरकारच्या लक्षात आलं की इथला साग सोन्यासारखा आहे. अहेरी-सिरोंच्याकडचे ओंडके प्राणहितेतून, पुढं गोदावरीतून तरंगत खाली तेलुगू मुलखात जात. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. तो जिल्हा 1874 साली मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं.

आमच्या मूलकडचा भाग खालशाचा, म्हणजे मालगुजारीचा; सरकारचा सारा भरणारा मालगुजार हाच गावचा मालक. पूर्वेला आणि दक्षिणेला जमीनदाऱ्या, त्यात अहेरीची सर्वांत मोठी. मालगुजाराच्या गावाचं एक कागदी चोपडं असे, वाजिब-उल-अर्ज. गावच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या: गुरं कुठं चरतील, पाणी कोण घेईल, नांगराला आणि घराला लाकूड कोणत्या जंगलातून मिळेल. या वापराला शब्द होता निस्तार. अजूनही आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. आमच्या आजीला सरपण, पाणी, चराई, छपराचं गवत हे सगळं 'निस्तार' या एकाच शब्दात सांगता यायचं.

निस्तार फुकट असे असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आजोबांनी घर बांधलं तेव्हा खांब आणि बांबू मालगुजाराच्या जंगलातून आले, पैसा पडला नाही. बदल्यात त्यांनी वाड्याच्या माडीचं काम केलं, बिनमजुरीचं, धान कापणीच्या ऐन दिवसांत. बेगार. आजी सांगायची, घर उभं राहिलं पण त्या वर्षी आमचं धान शेतातच झडलं. वहीत हे नाही, कारण वही तेव्हा नव्हती. असती तर 'लाकूड' कोरं आणि 'चकरा' भरलेलं पान झालं असतं.

मालगुजारी 31 मार्च 1951 ला गेली. मध्य प्रदेशच्या कायद्यानं मालगुजार आणि जमीनदार यांचे मालकी हक्क संपले. गावात पेढे वाटले गेले म्हणतात. तलाव सरकारचे झाले. 'माजी मालगुजारी तलाव' या नावानं, लाडानं मामा तलाव, ते आजही ओळखले जातात. जंगलही सरकारचं झालं. बाबांच्या वहीत पेढ्यांचा उल्लेख नाही. पण 1952 पासून चौथ्या रकान्यातल्या रेघा एकदम वाढतात. आधी दोन, तीन, फार तर चार असायच्या. मग नऊ. मग चौदा.

कारण उघड आहे. मालगुजार लुच्चा असेल, पण तो गावात सापडायचा. पायरीवर बसलं की संध्याकाळी बाहेर यायचा. आता सही तालुक्याला, शिक्का रेंजला, आणि दोघांच्या मध्ये नाकेदार. निस्तार गेला नाही, तो कागदावर चढला. नव्या महसूल कायद्यात गावोगाव निस्तारपत्रक करायचं ठरलं. पुढं आम्ही 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आलो, आणि तीच तरतूद 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 म्हणून आली. वाजिब-उल-अर्ज कलम 165 मध्ये. कोणत्या गावाला काय मिळेल ते लिहून ठेवलेलं. घरासाठी बल्ल्या, बांबू, सवलतीच्या दरानं. साग बहुधा नाहीच.

वहीतलं एक पान मला पाठ आहे. गावातल्या एका विधवा बाईचं घर पावसानं पडलं होतं. बारा बल्ल्या आणि बांबू मंजूर झाले, ते पौषात. तोडलेल्या लाकडावर घणाचा शिक्का बसला चैत्रात. वाहतुकीचा पास आला ज्येष्ठात, पाऊस लागल्यावर. तेव्हा बैलगाडी चिखलात जाईना. बाईनं तो पावसाळा चार ताटव्यांच्या आडोशाला काढला, दोन लेकरांना घेऊन. त्या पानावर रेघा सतरा. खाली बाबांनी लिहिलंय, 'मजुरी घेतली नाही'. कोणत्या कचेरीत काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ती माणसंही आता नाहीत. इतकी वर्षं शिक्षक म्हणून फिरल्यावर मला वाटतं, त्यातला प्रत्येकजण आपापल्या नियमानं वागत असणार. पण लाकडाला आणि पावसाला त्यांचे नियम ठाऊक नव्हते.

बांबूची गोष्ट याहून वेगळी आणि मला विचाराल तर जास्त बोचणारी. शास्त्रानं बांबू हे गवत आहे. 1927 च्या वनकायद्यानं त्याला झाड म्हटलं. झाड म्हटलं की पास आला. बल्लारपूरला 1950 च्या दशकात कागदाची गिरणी सुरू झाली आणि आमच्या भिंतींचा बांबू ट्रकात बसून तिकडे जाऊ लागला. गिरणीला करारानं मोठाली कूपं मिळत. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला कार्डावर मोजून बांबू मिळे. शाळेत असताना मी रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजायचो. मग घरी यायचो तर आई मागच्या भिंतीला गोणपाट लावत असायची, कारण यंदा ताटव्याला बांबू मिळाला नव्हता. माझ्या पाठ्यपुस्तकाचा कागद कुठल्या बांबूचा होता कोण जाणे. असेल आमचाच.

या गोष्टीला पुढं एक वळण लागलं आणि ते लागलं गडचिरोलीतच. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनउपज ठरवला आणि निस्तार हा शब्द थेट कायद्यात आला, 'कोणत्याही नावानं ओळखला जाणारा', जमीनदारीतला धरून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढा आणि मर्दा ही देशातली असा हक्क मिळवणारी पहिली गावं. हक्क मिळाला तरी वाहतुकीचा पास मात्र मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. टीव्हीवर ते बघताना बाबा फार थकले होते. "म्हंजे आता पास गावच देईल?" त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग चकरा कोन मारील?" आणि हसले. त्या वर्षीच ते गेले.

आता छपराकडे येतो, कारण छपरानं आमचं जितकं डोकं खाल्लं तितकं भिंतींनी नाही. हातानं घडवलेलं कवेलू कुंभार चाकावर नळीसारखं काढतो, उभं चिरतो आणि एका नळीची दोन करतो. एक पालथं, एक उताणं. भर उन्हाळ्यातही त्याखाली बसवतं. पण माकडं! जंगल आटलं तशी ती गावात आली आणि कवेलूंवर टोळीनं धावू लागली. आईनं एकदा एका पावसाळ्यात घरात अकरा भांडी मांडलेली मी मोजली आहेत. फेरायला माणूस मिळेना, कुंभाराची पोरं वरोऱ्याकडे आणि चंद्रपूरला कामाला गेली. मग सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. 1994 साली टिना टाकल्या. माकडांचा प्रश्न सुटला, म्हणजे फक्त आवाज मोठा झाला. आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो, ती इथं बातमीही नसते. टिनाखाली दुपारी दोन वाजता डाळ न शिजवता शिजेल असं आमच्या हिचं म्हणणं होतं. छताखाली बांबूचा ताटवा लावला, वर तणस पसरलं. म्हणजे पुन्हा बांबू आलाच.

सरकारी मोजणीत मात्र हे टिन पक्कं. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेला मी प्रगणक नव्हतो, पण गावातल्यांचे फॉर्म वाचून दिले. हातानं केलेलं कवेलू कच्चं, यंत्रावर केलेलं पक्कं. गवत, बांबू, माती कच्ची; पत्रा पक्का. कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असेल तर घरकुलाच्या यादीत नाव. माझ्या चुलतभावानं 2009 साली कर्ज काढून कवेलू उतरवले आणि पत्रे टाकले. यादीतून नाव गेलं. शेजाऱ्यानं आळसानं काही केलं नाही, त्याला घरकुल मिळालं. चुलतभाऊ अजूनही मला विचारतो, "मास्तर, माहं का चुकलं?" मी काय सांगणार.

याच्या उलट टोकाची गंमत चंद्रपूर-मूल रस्त्यावर आहे. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूची देखणी इमारत तिथं उभी राहिली. 2021 च्या फेब्रुवारीत तिचा मोठा भाग आगीत गेला. तिथं बांबूच्या घरांचं तंत्र शिकवतात. बसच्या खिडकीतून ते केंद्र मागं पडतं आणि पुढच्या गावात बांबूच्या भिंतीचं घर 'कच्चं' म्हणून पाडणं चालू असतं.

आता माझं स्वतःचं. 2014 ला निवृत्त झालो, भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आले, मुलगा म्हणाला आता स्लॅब टाकू. दोन खोल्या, संडास-न्हाणी, समोर ओसरी. बाबांच्या वहीसारखी मीही एक वही केली, नवनीतची शंभर पानी. पहिल्या पानावर अंदाज लिहिला साडेचार लाख. शेवटच्या पानावर साडेसात आहे. फरक कुठं गेला? रेती. वैनगंगा, वर्धा, उमा, अंधारी, इतक्या नद्यांच्या जिल्ह्यात राहून आम्ही रेतीसाठी रडलो. त्या वर्षी जवळच्या घाटाचा लिलाव झाला नव्हता. ट्रॅक्टर रात्री दोनला यायचा, दिवा विझवून. दर रोज वेगळा. पावती मागितली तर माणूस असा बघायचा जसं मी त्याचं जानवं मागितलं. मी मुलांना पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि रात्री दोनला कंदील धरून चोरीची रेती उतरवून घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण वहीत आहे तर इथंही असावं.

सिमेंटचं म्हणाल तर राजुरा-कोरपना पट्टा चुनखडकावर बसलेला. आवारपूरचा कारखाना 1983 पासून, शिवाय गडचांदूर, उपरवाही. त्या रस्त्यानं गेलं की झाडांची पानंसुद्धा राखाडी. धूळ आमची, पण पोत्याचा भाव तोच जो नागपूरला. विटा मी राखेच्या घेतल्या, औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या. स्वस्त आणि सरळ. गवंडी म्हणाला पाणी जास्त मारावं लागेल. एप्रिलमध्ये पाणी कुठलं? टँकर. तो खर्च अंदाजात नव्हताच.

दरवाज्याचं सांगायचं राहिलं. बाबा नाहीत, पण वाढयाच्या घराला यंदा तरी साग, असं मी मनाशी ठरवलं होतं. लिलावातलं लाकूड, आरा मशीनवर चिरलेलं, पावतीसकट. चंद्रपूरच्या एका दुकानात चौकटीसह एका दरवाज्याचा भाव ऐकला, दोन मिनिटं खुर्चीवर बसलो, त्यांनी दिलेलं पाणी प्यायलो आणि लोखंडी चौकट व फ्लश दरवाजा घेऊन आलो. संडासाला फायबरचा. स्लॅब दुसऱ्याच पावसाळ्यात ओसरीच्या कोपऱ्यात ओलावला. आता तिथं आईच्या अकरा भांड्यांपैकी एक मांडलेलं असतं.

1982 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले तेव्हा माझी नोकरी गडचिरोलीच्या वाट्याला आली होती. वीस वर्षं तिकडे काढली, त्यातली सहा भामरागडला. तिकडच्या माडिया गावांत घर कसं उठायचं ते पाहिलंय. गावाचं गोटुल, म्हणजे तरुणांनी एकत्र जमायचं घर, तर सगळ्यांनी मिळून बांधायचं, पण एकाच्या घरालाही दहा-पंधरा हात आपणहून लागत. मजुरीचा प्रश्नच नाही, संध्याकाळी जेवण. तिथला माझा एक विद्यार्थी आता चाळिशीचा आहे. त्याला प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर झालं. तेव्हा डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागासाठी 1 लाख 30 हजार मिळायचे, सपाटीवर 1 लाख 20 हजार. शिवाय रोजगार हमीतून 90-95 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. वाईट काही नाही. 1996 साली इंदिरा आवासमध्ये 20-22 हजार मिळायचे हे आठवलं की बरंच वाटतं.

पण दहा हजार जास्तीचे कुठवर पुरणार? गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन अजून एकच, वडसा. सिमेंट, सळाख, गिट्टी सगळं ट्रकातून, पुढं ट्रॅक्टरमधून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, म्हणजे काम चार महिने बंद. हप्ता कामाचा टप्पा पाहून मिळतो. जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, छपराचा फोटो, प्रत्येक फोटो त्याच जागेवरून मोबाइलनं. नेटवर्क नसेल तर? तो मला म्हणाला, "गुरुजी, भिंत झाली पण फोटो जाईना. साहेब म्हणतात भिंत दिसत नाही." शेवटी झालं घर. मी बघायला गेलो. दाराशेजारी लाभार्थ्याच्या नावाची पाटी, योजनेचं नाव, वर्ष. आत धानाच्या कणग्या, सायकल, मोहफुलांची पोती. माणसं मागच्या जुन्या कुडाच्या घरात. मे महिना होता. मलाही तिथंच बसवलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

2020 च्या सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावं अशी वनहक्क कायद्यात सुधारणा केली. कुटुंबं वाढली, गावठाण तेवढंच, त्यामुळे मुलं घरासाठी गाव सोडत होती. हे कोणाच्या तरी लक्षात आलं याचं समाधान आहे. आणि साग? मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागाचं लाकूड अयोध्येला गेलं, राममंदिराच्या दरवाज्यांसाठी. वाजतगाजत, फुलांनी सजवलेल्या ट्रकांतून. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. लाकूड खरंच सुंदर होतं, रेषा सरळ, रंग मधासारखा. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा वाढई, बाबांचा शागीर्द, ओंडक्यावर हात फिरवून म्हणाला, "याले रंधा लावाले मजा येईल."

बाबांचा कडुलिंबाचा दरवाजा आता गोठ्याला आहे. वाळवीनं त्याला अजून तोंड लावलेलं नाही.

वाचकांना एक विनंती. मी वाढई, आदिवासी नाही. वनहक्क कायद्यात माझ्यासारख्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतात, आणि त्यानं 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, इथं असल्याचं दाखवावं लागतं. आमच्या गावातले पाच-सहा दावे याच पायरीवर अडले. कायद्याच्या नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात बंदोबस्ताचे अहवाल आणि गॅझेटियर आहेत, घरपट्टीच्या पावत्या आहेत, आणि घर, झोपडी यांसारख्या प्रत्यक्ष खुणाही आहेत. म्हणजे ल्युसी स्मिथचा अहवाल जसा चालतो तशी तुमच्या आजोबांची घरपट्टीची पावतीही चालते. जुनं घर पाडताना आपण कवेलू विकतो, मयाल सरपणाला देतो आणि माळ्यावरची पेटी उकिरड्यावर रिकामी करतो. त्या पेटीत मालगुजाराची चिठ्ठी, निस्ताराची पावती, घरपट्टीचा कागद, एखाद्या वाढयाची हिशेबाची वही असेल तर फेकू नका. ग्रामसभेत वनहक्क समिती असते, तिच्या सचिवाला दाखवा. झेरॉक्स द्या, मूळ कागद जवळ ठेवा.